रुळांच्या अलीकडे, अडेला

ऑक्टोबर लागला की आमच्या फ्रिस्को शहरातले लोक दारात मक्याचे वाळलेले धांडे बांधतात. विकत आणून. दुकानात त्यांच्या जुड्या रिबीन लावून उभ्या असतात, शेजारी भोपळे, भोपळ्यांशेजारी गवताच्या पेंढ्या. आमची कॉलनी जिथे उभी आहे तिथे परवापरवापर्यंत खरं शेत होतं. ते बुलडोझरने साफ केलं, घरं बांधली, घरांना शेताशी नातं सांगणारी नावं दिली आणि आता त्या घरांच्या दारात शोभेचे धांडे. मला याचा राग येतो. मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो, हे आमच्या गल्लीतल्या मराठी मंडळींना पाठ झालंय. म्हणूनच शेजारच्या पुण्याच्या काकूंनी मंडळाच्या अंकासाठी लेख मागताना आधीच बजावलं.

"हे बघ, तू लिहितेस छान, पण नेहमीचं नको हं. निषेध नको, धिक्कार नको. ऋतूबद्दल लिही ना काहीतरी. फॉल कलर्स वगैरे."

"काकू, मी जो फॉल पाहिलाय त्यात कलर एकच होता. मातकट पिवळा."

"मग तेच लिही! नॉस्टॅल्जिया चालेल."

नॉस्टॅल्जिया चालेल. ठीक आहे. काल त्या विकतच्या धांड्यांजवळून जाताना मी खरोखरच थांबले होते. वास आला होता. वास म्हणजे काय, धूळच. वाळलेल्या पानांची, गोडसर, घशात बसणारी धूळ. त्या धुळीत मी एक अख्खा हंगाम काढलाय, नेब्रास्का नावाच्या सपाट राज्यात, अडेला नावाच्या गावात. ते गाव आता नाही. घरं आहेत, माणसं आहेत, झाडंही आहेत. गाव नाही.

अडेला ही रेल्वेच्या कुणा साहेबाची मुलगी. रूळ टाकत पश्चिमेकडे जाताना कंपनीने ठरावीक अंतरावर गावं पेरली, आणि सुचतील ती नावं संपल्यावर साहेब लोकांनी घरातली नावं द्यायला सुरुवात केली. मुलगी आपलं गाव बघायला कधीच आली नाही. गावाने तरीही तिचं नाव सांभाळलं. वेशीवर हिरवा फलक होता, त्यावर वर नाव आणि खाली लोकसंख्या. आमच्याकडे वेशीवर पुढाऱ्यांचे फोटो असतात, माणसं किती हे कोणी लिहीत नाही. इथे आकडा लिहितात आणि दर जनगणनेनंतर बदलतात. अडेलाचा आकडा दोन अंकी होता, आणि प्रत्येक वेळी नव्या फलकावर तो आणखी लहान व्हायचा.

त्या नोव्हेंबरात गावाला एका प्रश्नावर मत द्यायचं होतं: गाव म्हणून राहायचं की नाही? असं असतं इथे. गाव कायद्याने जन्मतं आणि कायद्याने मरू शकतं. बहुमताने 'नको' म्हटलं की गावाचं पाच जणांचं मंडळ बरखास्त, हद्द पुसली जाते, फलक उतरतो, आणि दिवे, रस्ते, हॉल जे काय असेल ते काउंटीच्या ताब्यात जातं. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा.

मी स्टेट कॉलेजला मास्टर्स संपवलं होतं. लहान गावांवर काम करणाऱ्या एका संस्थेने मला त्या हंगामापुरतं अडेलाला पाठवलं. कामं दोन: गावाचा इतिहास गोळा करायचा, आणि मतदानात काय पणाला लागलंय हे सांगणारी पत्रकं काढायची. पत्रकं मला येतात. मी नागपूरची. दसऱ्याच्या गर्दीत पुस्तकांच्या स्टॉलमागे बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात पत्रकं कोंबून मी मोठी झाले. शाळेत 'माझा आवडता पक्षी' हा निबंधसुद्धा मी 'बंधूंनो आणि भगिनींनो, विचार करा!' असा संपवला होता.

"नेब्रास्का?" रूममेट म्हणाली. "यार, तिथे भुट्ट्याशिवाय आहे काय?"

बाबांना फोनवर सांगितलं.

"काय करून राहिली म्हणते तू तिथं?"

"गाव वाचवतेय, बाबा."

"गाव?" बाबांनी पंखा बंद केला. "अवं बाई, गाव सोडता सोडता आपल्या दोन पिढ्या गेल्या. तुझा आजा रेल्वेत गँगमन लागला तेव्हा कुठं सुटलो आपण. अन् तू विमानात बसून गावात जाऊन बसली?"

त्यांचं बरोबर होतं. आमच्या घरात 'गाव' हा शब्द हळव्या आवाजात कोणी उच्चारत नाही. इतर मुलं उन्हाळ्यात गावाला जायची, आम्ही कुठेच जात नसू. गाव म्हणजे विहीर आणि विहीर दुसऱ्यांची. गाव म्हणजे वस्ती, आणि आपली वस्ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे आपल्यावरून गेलेला वारा गावावर जाऊ नये. आजोबांनी आयुष्यभर रुळांखाली खडी ठोकली आणि त्या रुळांवरून आम्हाला शहरात आणलं. त्यांच्या नातीने एखाद्या गावासाठी गळा काढावा हे बाबांना पटणं शक्य नव्हतं. मलाही पटत नव्हतं. मला वाटलं होतं, काम आहे, करू आणि येऊ.

मग हंगाम सुरू झाला.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना कसं सांगू? आधी काही होत नाही. मका नुसता उभा वाळत असतो, चारी दिशांना, आणि वारा सुटला की कोणीतरी हजारो कागद एकदम चुरगाळल्यासारखा आवाज होतो. मग एका सकाळी क्षितिजावर धुळीचा खांब उठतो. मग दुसरा. कापणीची यंत्रं शेतात उतरलेली असतात, घराएवढी, आणि तरीही त्या सपाटीत मुंगीसारखी दिसतात. दुपारपर्यंत हवा पिवळी होते. सूर्य संध्याकाळी मावळत नाही, धुळीत विरघळतो. गावातलं सगळ्यात उंच काही म्हणजे रुळांकाठचं सिमेंटचं धान्यकोठार, आणि त्याच्यापुढे मालट्रकांची रांग. कोठार भरलं की मका उघड्यावर ओतायचे. रस्त्याच्या कडेला सोन्याची टेकडी, आणि त्या टेकडीवर पोरांसारखे भांडणारे पारवे. दाणे वाळवणाऱ्या पंख्यांची घरघर आठवडेच्या आठवडे थांबायची नाही. दाण्यावरचं लालसर पातळ साल त्या पंख्यांतून उडायचं आणि गावभर उतरायचं. गाड्यांवर, वाळत घातलेल्या चादरींवर, डोरिसच्या चष्म्यावर.

डोरिस गावाची कारकून. वय ऐंशीच्या पुढे. गावात पोस्ट होतं तोवर ती पोस्ट सांभाळायची, पोस्ट बंद झाल्यावर तिने गावाचे कागद सांभाळायला घेतले. मी तिच्या घरात वरच्या खोलीत राहायचे. आपल्याकडे मोठ्या बाईला नुसतं नावाने हाक मारत नाहीत, म्हणून मी पहिल्या दिवशी तिला 'काकू' म्हटलं आणि अर्थ सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे मी नात्यात आले? मग भांडी घास, हनी."

मतदानाबद्दल तिची भूमिका एका वाक्याची होती. "माझा जन्म अडेलातला. मला अडेलात मरायचंय, काउंटी रोडवर नाही." तिच्या चुलत बहिणीच्या गावाने दोन वर्षांपूर्वी असंच मत दिलं होतं. बहिणीच्या मृत्यूच्या बातमीत पेपरने गावाऐवजी रस्त्याचा क्रमांक छापला. डोरिसला बहिणीच्या जाण्यापेक्षा त्या क्रमांकाने जास्त रडवलं होतं. गाव राहिलं पाहिजे, एवढंच तिचं मागणं. त्या हंगामात तेच माझंही झालं.

दर बुधवारी सकाळी गावाच्या हॉलमध्ये कॉफी असायची. हॉल म्हणजे एक मोठी खोली, शेजारी आग विझवायची जुनी गाडी. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक खिळ्याला एक मग, प्रत्येक मग कुणाचा तरी. माणूस मेला तरी मग काढत नसत. त्यामुळे भिंतीवर बसलेल्यांपेक्षा लटकलेले जास्त. पहिल्या बुधवारी मी गेले. सगळ्यांनी भिंतीवरचे आपापले मग घेतले. मला डोरिसने कॉफी दिली, कागदी कपात.

माझं डोकं फिरलं.

मराठी वाचकांना मी हे समजावून सांगणार नाही. ज्यांना समजायचं त्यांना समजलंय. वेगळा कप म्हणजे काय, हे आमच्या घरात जेवणाआधी शिकवतात. मी उभी राहिले आणि बोलले. चांगलं पाच मिनिटं बोलले. माझा आजोबा कुठल्या टपरीवर कुठल्या फुटक्या बशीत चहा प्यायचा, ती बाहेर कुठे ठेवलेली असायची, स्वतः विसळून परत कसा ठेवायचा. आणि सात समुद्र ओलांडून मी कागदी कपासाठी आलेले नाही. सगळे म्हातारे चमचे हातात धरून ऐकत होते. एकाने श्रवणयंत्राचा आवाज वाढवला.

"हनी," डोरिस शेवटी म्हणाली, "तुझ्या नावाचा मग नाही म्हणून कागदी दिला. पाहुण्यांना कागदीच देतो. गव्हर्नर आला होता, त्यालाही कागदीच."

मग ती भिंतीकडे गेली, वरच्या रांगेतून एक निळा मग काढला, त्यातली धूळ पदर असता तर पदराने पुसली असती तशी स्वेटरच्या टोकाने पुसली आणि त्यात माझी कॉफी ओतली. मग तिच्या नवऱ्याचा होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. वेन नावाचा दांडगा म्हातारा, गावाच्या मंडळाचा अध्यक्ष, एवढंच म्हणाला, "साखर हवी का भाषण पुरे?"

मी माफी मागितली नाही. आजही मागत नाही. कप वेगळा दिसला की विचारायचं असतं. उत्तर चांगलं मिळालं तर कॉफी प्यायची.

त्या निळ्या मगातून मी पूर्ण हंगाम कॉफी प्यायले. बोलणं काय असायचं? दाण्यातला ओलावा किती, कुणाच्या यंत्राचा पट्टा तुटला, कुणाची नात कुठे गेली. कापणी, मरण आणि शिकागो. तरुण माणसं सगळी तिसऱ्या शब्दात असायची.

इतिहास गोळा करायला मला एक पुस्तिका दिली होती, गावाने आपल्या शंभरीला काढलेली. पहिलंच वाक्य: इथे गवत होतं आणि कोणी नव्हतं. झालं, माझा दिवस खराब. कोणी नव्हतं म्हणजे काय? पॉनी नावाचे इथले मूळ आदिवासी होते, त्यांना हाकललं तेव्हा तर रूळ आले. पुढे कोण जर्मन, कोण चेक, कुणी पहिलं चर्च बांधलं, कुणाची पहिली शाळा. सगळ्या घराण्यांचे फोटो. मी विचारलं, "रूळ कुणी टाकले? रुळांखालची खडी कोण ठोकायचं?"

"मेक्सिकन मजूर," डोरिस म्हणाली. "जुन्या मालडब्यांतून राहायचे, रुळांपलीकडे. मी लहान असताना होते अजून. मक्याच्या पानात काहीतरी वाफवायचे. काय वास यायचा!"

"मग ते पुस्तिकेत कुठे आहेत?"

"ते गावात नव्हते ना."

हे ती अगदी निरागसपणे म्हणाली. गावाचा नकाशा रेल्वेने काढला होता, आणि हद्द रुळांशी थांबत होती. अलीकडे गाव. पलीकडे पलीकडचे. मी खिडकीतून बघितलं. रुळांपलीकडे आजही घरांची एक ओळ होती. डबे नव्हते, साधी लाकडी घरं. अंगणात सायकली. लहान मुलं. गावात एकही मूल नव्हतं.

"ती घरं कुणाची?"

"ती मांसाच्या कारखान्यात, मीट प्लांटमध्ये काम करणारी मंडळी. चांगली आहेत. पण ती मोजणीत धरत नाहीत, हनी. ती अडेलात येत नाहीत."

मला नकाशाची गरज नव्हती. माझ्या लोकांना हे नकाशा न बघता कळतं. फक्त इथे सगळं कसं गोड आवाजात होतं, वेशीवर मारझोड नाही, शिवी नाही. एक रेघ आहे आणि रेघ कोणी काढली हे कुणालाच आठवत नाही. आणि दर दहा वर्षांनी फलकावरचा आकडा खाली येतो म्हणून सगळं गाव सुस्कारे टाकतं, आणि दारापासून पन्नास पावलांवर पोरं सायकल चालवतात!

एल्विराला मी तिथेच भेटले. चाळिशीची, प्लांटमधून आलेली, हातमोजे काढून बोटं मोडत पायरीवर बसलेली. तिला माझी पत्रकं दिली. तिने दोन्ही बाजू वाचल्या.

"गाव वाचवा," ती म्हणाली. "छान. मी मत देऊ शकते?"

"नाही. हद्दीबाहेर आहेस."

"मग मला का देतेस?"

मी म्हटलं, हद्द वाढवता येते. मंडळाने ठराव केला तर रुळांपलीकडची ओळ गावात येईल. मतदानाआधी झाला तर तुम्ही सगळे मत द्याल, आणि तुमची मतं पडली तर गाव राहील. तुला गावात यायचंय का?

ती हसली. "तुला माहितीय, हे मला आजवर कोणी विचारलं नाही. पाणी नको मला त्यांचं, आमची बोअर चांगली आहे. मला तो हॉल हवा. मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला मागितला होता. आमच्यात तो लग्नासारखा करतात. म्हणाले, गावातल्यांनाच देतो. शेवटी गॅरेजमध्ये केला. पाऊस होता, सगळे पाहुणे फ्रीज आणि गाडीच्या मध्ये नाचले." मग माझ्याकडे बघून, "पण तू आधी त्यांना विचार, मिहा. मला विचारून काय होणार?" मिहा म्हणजे पोरी.

मी कामाला लागले. नवीन पत्रक, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. मथळा: अडेला मरत नाहीये, अडेला मोजत नाहीये. आजही मला तो मथळा आवडतो. वेनने तो कोठाराच्या वजनकाट्यापाशी उभं राहून मोठ्याने वाचला आणि घडी करून खिशात टाकला.

"यंग लेडी, तुला वाटतं ते टिकतील? प्लांट बंद पडला की उद्या जातील."

"तुमची तीनही मुलं टिकली?"

ट्रक काट्यावर आला, तो आकडा बघायला आत गेला. मी जिंकल्यासारखी तिथे उभी राहिले. बाहेर येऊन म्हणाला, "दोन. मुलं दोन आहेत. तिसरी वारली." मला ते माहीत नव्हतं. तरी मुद्दा बरोबर होता, असं मी स्वतःला सांगत घरी आले.

आणि मग तो शनिवार. वेन शिडीवरून पडला, खांदा मोडला, आणि त्याचा निम्मा मका उभा. त्या भागात एक रीत आहे. कोणी बोलावत नाही, कोणी ठरवत नाही. सकाळी उजाडलं तेव्हा चारी बाजूंनी यंत्रं त्याच्या शेतात येत होती, लाल, हिरवी, आपापलं पीक सोडून. बायकांनी मागच्या अंगणात टेबलं लावली. ट्रक चालवायला माणसं कमी पडत होती, तर रुळांपलीकडून एल्विराचा नवरा राऊल आणि त्याच्या शेजारचे दोघे सुट्टीच्या दिवशी येऊन ट्रकवर बसले. त्यांनाही कुणी बोलावलं नव्हतं. दिवसभर ते शेतातून कोठाराकडे, कोठाराकडून शेताकडे. दुपारी सगळे एका टेबलावर जेवले. वेन खांदा बांधलेला, खुर्चीत बसून प्रत्येक ट्रकला हात करत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो सगळ्यांना सांगत होता की धुळीमुळे. संध्याकाळी शेवटची ओळ कापली, यंत्रं एकापाठोपाठ बंद झाली, आणि अशी शांतता पसरली की दूर रुळांपलीकडे कुणाचं तरी रेडिओवरचं गाणं ऐकू आलं. वरून रानबदकांची रांग दक्षिणेला गेली. मी डोरिसच्या शेजारी उभी होते. तिने माझा हात धरला. मला वाटलं, झालं. आता ठराव कोण अडवणार?

मला आजही माझ्या आयुष्यातला कुठला दिवस परत मागायला सांगितला तर मी तो शनिवार मागेन. त्यानंतरचा मंगळवार नको.

मंगळवारी संध्याकाळी हॉलमध्ये मंडळाची बैठक. एल्विरा आणि राऊल पहिल्यांदा हॉलच्या आत आले, चर्चला घालतात तसे कपडे घालून, मागच्या ओळीत बसले. मी ठराव समजावून सांगितला. कुणी ओरडलं नाही. कुणी वाईट बोललं नाही. पाण्याची लाइन कोण टाकणार, दिवे कोण लावणार, वेळ कमी आहे, घाईत कशाला. मग वेन उभा राहिला, गळ्यात बांधलेला हात घेऊन.

"राऊलने माझा मका वाहिला," तो म्हणाला. "मी ते विसरणार नाही. चांगला माणूस आहे. पण गाव ही वेगळी गोष्ट आहे."

चांगला माणूस आहे, पण. हे वाक्य मी कुठल्याही भाषेत ओळखते.

पाचांपैकी एकच हात ठरावाच्या बाजूने वर झाला. डोरिस मंडळावर नव्हती, तिला मत नव्हतं. ती टेबलाच्या कडेला बसून कामकाज लिहीत होती. तिला बोलता आलं असतं. कारकून असली तरी ती डोरिस होती, तिचं सगळे ऐकायचे. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने मान वर केली नाही. राऊल उठला, वेनशी हस्तांदोलन केलं, खांदा कसा आहे विचारलं, आणि तो आणि एल्विरा रूळ ओलांडून घरी गेले.

घरी आल्यावर मी भांडले. "काकू, तुला गाव हवं होतं! तुझ्या हातात होतं!"

"मला अडेला हवं होतं," ती म्हणाली. "जे होतं ते." आणि मग खूप थकल्यासारखी, "तुला वाटतं मला लाज वाटली नाही?"

मतदानाच्या दिवशी अडेला हरलं. थोडक्यात हरलं. पलीकडच्या घरांची मतं असती तर राहिलं असतं, हे गणित करायला कारकून लागत नाही. अलीकडचेच काही 'नको' म्हणाले. कंटाळले होते. मंडळावर बसायला माणसं नव्हती, दिवे दुरुस्त करायला कोणी नव्हतं. गावाने मरण पत्करलं, पण रूळ ओलांडले नाहीत. हे मी तेव्हा शेवटच्या पत्रकात लिहिणार होते. संस्थेने म्हटलं, मोहीम संपली, आता पत्रक नको. म्हणून ते इथे लिहिते. पुण्याच्या काकू, निषेध नको म्हणालात, पण हा ऋतू असाच होता.

फलक उतरवायला काउंटीची गाडी आली तेव्हा मी निघायच्या तयारीत होते. शेतं रिकामी, काळी, खुंटांच्या रांगा. पहिला बर्फ नुकता भुरभुरला होता. एक माणूस पाना-पक्कड घेऊन खांबाशी खटपट करत होता, आणि डोरिस कोट घालून रस्त्याच्या कडेला उभी होती, सरणाजवळ उभं राहावं तशी. मी गाडीची काच खाली करून हात केला. तिने पण केला. मी गाडी थांबवली नाही. मी रागात होते. मी अजून रागात आहे.

मग त्या गावाच्या आठवणीने मला होतं ते काय? हा प्रश्न मी स्वतःला फ्रिस्कोच्या सहा पदरी रस्त्यावर, लाल सिग्नलला, कितीदा विचारलाय. इथे सगळं आहे. इडलीचं पीठ आहे, गणपती आहे, आमच्या लोकांचं बुद्धविहार भरवायला भाड्याची खोली आहे, शनिवारी चळवळीची मीटिंग आहे आणि मीटिंगला पोरं इंग्रजीतून भांडतात. इथला आकडा वर जातो, इतका वेगाने की फलक बदलणाऱ्याला दम लागत असेल. तरीही कुणी कुणाचं पीक कापायला सकाळी न बोलावता येईल असं मला वाटत नाही. पीकच नाही, हे खरं. पण तेवढंच कारण नाही.

बाबांना मी एकदा सांगितलं, मला त्या गावाची आठवण येते. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मलाही येते ना. सांगतो कुठं कुणाले." मी म्हटलं, कशाची? "पोळ्याच्या दिवसाची. लांबून बघाचो. बैलं सजवलेली. लय सुंदर दिसे." मग लगेच घसा खाकरून, "पण परत जायचं नाव नको काढू."

ज्या जागेने आपल्याला, आपल्यासारख्यांना, बाहेर ठेवलं तिची ओढ वाटणं हा गुन्हा आहे का? पत्रकात मी 'आहे' असं लिहिलं असतं. इथे मला ते लिहवत नाही. ओढ माणसाला लागते ती सगळ्या जागेची लागते, धुळीसकट, वासासकट, त्या शनिवारासकट. मंगळवार वेगळा काढून ठेवता येत नाही. मी खूप प्रयत्न केला.

परवा डोरिसचा फोन आला. हंगाम सुरू झालाय हे सांगायला. तिचा आवाज बारीक झालाय, पण टोमणे तेवढेच.

"तुझं लग्न झालं की अजून भाषणंच?"

"भाषणंच."

"बरं आहे. मका चांगला आहे यंदा. वेनचा खांदा हवा बदलली की दुखतो. हॉलला काउंटीने कुलूप लावलंय, माहितीय ना? छत गळतं म्हणे."

"मग बुधवारची कॉफी?"

"एल्विराच्या गॅरेजात. ती फ्रीजशेजारी टेबल लावते. तिचा केक माझ्याहून चांगला असतो, पण हे तू कुठे छापू नकोस."

"वेन येतो?"

"सगळ्यांच्या आधी. राऊलशी पत्ते खेळतो, हरतो, आणि पुढच्या बुधवारी परत येतो."

मग माझा आवाज चढला. शेजारच्या काकूंनी खिडकीतून बघितलं असेल. "डोरिसकाकू, गॅरेज तेव्हाही तिथेच होतं! रूळ तेच, एल्विरा तीच, केक तोच! हे आधी का नाही केलंत?"

मग डोरिस म्हणाली, सहज, हवामान सांगावं तशी.

"आधी आमच्याकडे हॉल होता, हनी."

मला त्या बाईचा भयंकर राग आला. आणि त्याच क्षणी मला दुसरं काही नको होतं. मला तिथे असायचं होतं, त्या गॅरेजात, त्या सगळ्या हट्टी म्हाताऱ्यांच्या मधोमध खुर्ची ओढून, त्यांच्याशी भांडत.